इन्सास : दोष संकराचा की सांध्यांचा?

इन्सास रायफलीवर बोलणाऱ्यांचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष तिला देशी अभियांत्रिकीचा मानबिंदू म्हणतो. दुसरा तिला एका वाक्यात निकालात काढतो : इकडचेतिकडचे भाग गोळा करून जुळवलेली, ऐन कारगिलमध्ये दगा दिलेली बंदूक. दोन्ही निकाल घाईचे आहेत. या रायफलीचा आराखडा 1980च्या दशकात पुण्यात, पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास संस्थेत, म्हणजे एआरडीईत तयार झाला. उत्पादन इशापूर, तिरुचिरापल्ली आणि कानपूरच्या कारखान्यांत झालं. 1998च्या प्रजासत्ताकदिनी ती संचलनात दिसली आणि पुढच्याच वर्षी खऱ्या लढाईत उतरली. जवानाचा जीव जिच्यावर अवलंबून असतो अशा वस्तूबद्दल ऐकीव माहितीवर बोलणं मला पटत नाही. तिचे भाग सुटे करून, एकेकाकडे पाहूनच हिशेब मांडायला हवा.

‘इन्सास म्हणजे एके-47ची नक्कल’

आतलं यंत्र एकेच्या घराण्यातलं आहे, हे खरं. गोळी सुटली की नळीतला थोडा गॅस वरच्या नळकांड्यात शिरतो आणि दट्ट्याला मागे ढकलतो. दट्ट्याच्या ओढीने बोल्ट फिरून उघडतो, रिकामं टरफल बाहेर पडतं आणि स्प्रिंगच्या जोराने परत येताना नवं काडतूस नळीत बसतं. दट्ट्या अर्ध्यात न थांबता बोल्टच्या वाहकासह थेट मागेपर्यंत जातो, ही एकेची खूण. पण गॅस रेग्युलेटर बेल्जियमच्या एफएएल रायफलीच्या वळणाचा आहे. आपली जुनी एसएलआर त्याच एफएएलवरून आलेली, त्यामुळे जवानांच्या हाताला तो ओळखीचा होता. कॉकिंग हँडल मात्र जर्मनीच्या हेक्लर अँड कॉखच्या रायफलींसारखं, पुढे आणि डाव्या बाजूला.

ही उचलाउचल डोळे मिटून केलेली नाही. एकेवर कॉकिंग हँडल उजवीकडे आणि सेफ्टीची लांब पट्टीही उजवीकडे. उजव्या हाताच्या जवानाला दोन्हींसाठी मुठीवरची पकड मोडावी लागते. इन्सासवर फायरचा खटका मुठीच्या वर, डाव्या अंगाला, म्हणजे बरोबर उजव्या अंगठ्याच्या टप्प्यात येतो. हँडल ओढायचं काम डावा हात करतो. बांधाआड पालथं पडून, डोकं वर न काढता रायफल भरायची वेळ येते तेव्हा या सोयीची किंमत कळते. गॅस रेग्युलेटरमागेही असाच विचार आहे. काजळी साचून यंत्र जड चालू लागलं की दट्ट्याकडे जास्त गॅस सोडता येतो, आणि नळीच्या तोंडावरून ग्रेनेड उडवायचा असेल तेव्हा ती वाट बंद करून सगळा दाब ग्रेनेडच्या मागे लावता येतो. मूळ एकेत रेग्युलेटरच नाही.

उसन्या कल्पनांना नावं ठेवायची तर जगातली एकही रायफल वाचणार नाही. खुद्द एकेच्या चापाची रचना अमेरिकेच्या एम-1 गॅरंडशी नातं सांगते. इस्रायलची गॅलिल फिनलंडच्या रायफलीवरून आली आणि फिनलंडची एकेवरून. अमेरिकी एआर-15चा साचा घेऊन त्यात छोट्या दट्ट्याची गॅस यंत्रणा बसवलेली जर्मन एचके-416 आज अनेक देशांची नावाजलेली रायफल आहे. भाग कुठून आला हा प्रश्न गौण आहे. तो शेजारच्या भागाशी जमवून घेतो का, हे पाहायला हवं.

इन्सासमध्ये हे जमणं सगळीकडे सारखं नाही. मागची साइट घ्या. एकेवर ती यंत्रावरच्या झाकणाच्या पुढे असते, त्यामुळे मागची साइट आणि पुढची माशी यांतलं अंतर कमी राहतं आणि नेमातली बारीक चूक नजरेला कळत नाही. इन्सासमध्ये ती झाकणाच्या मागच्या टोकाला, डोळ्याजवळ नेली आणि 200 व 400 मीटरसाठी दोन भोकांची पलटती पट्टी दिली. नेमासाठी ही सुधारणा मोठी आहे. पण जी साइट आधी पक्क्या जागी होती ती आता साफसफाईसाठी काढायच्या झाकणावर आली. झाकण दर वेळी त्याच जागी, त्याच घट्टपणे बसलं तरच नेम टिकणार. गॅलिलमध्येही साइट झाकणावरच आहे, आणि तिथे झाकणाची बैठक मुद्दाम घट्ट ठेवलेली असते. अशी कल्पना घेताना तिच्यासोबतची कारखान्यातली अचूकताही घ्यावी लागते.

माझ्या मते आराखड्याचा खरा दोष वजनात आहे, आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही. इन्सास मॅगझिनशिवाय 4 किलोंच्या वर जाते. एसएलआर तिच्याहून थोडीच जड, आणि ती तर दुप्पट ताकदीचं काडतूस झाडत होती. छोट्या काडतुसाकडे वळण्याचं मुख्य कारणच ओझं कमी करणं होतं. काडतुसात वाचवलेलं वजन रायफलीतल्या लोखंडात परत आलं. याची एक जमेची बाजूही आहे. जड रायफल, 464 मिलिमीटरची लांब नळी आणि हलकं काडतूस यांमुळे धक्का फारच कमी बसतो, आणि एकेक गोळी सावकाश मारणाऱ्याचे नेम चांगले लागतात.

‘5.56ची गोळी मारण्यासाठी नाही, जखमी करण्यासाठी’

एक जखमी झाला की त्याला उचलायला दोघे अडकतात, म्हणून इन्साससाठी मुद्दाम 5.56 मिलिमीटरची कमजोर गोळी निवडली, ही कहाणी आपल्याकडे वर्षानुवर्षं सांगितली जाते. काडतुसाचा इतिहास वेगळं सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत झालेल्या अभ्यासांतून दिसलं की पायदळाच्या बहुतेक चकमकी 300 यार्डांच्या आत होतात, आणि त्या अंतरात हलक्या, वेगवान गोळीने नेम जास्त लागतात. एसएलआरचं 7.62×51चं एक काडतूस साधारण 24 ग्रॅमचं, 5.56×45चं साधारण 12 ग्रॅमचं. तेवढ्याच ओझ्यात जवान दुप्पट दारूगोळा नेतो. नाटोने 1980मध्ये बेल्जियमची एसएस-109 ही गोळी प्रमाण मानली, तेव्हा 600 मीटरवर साडेतीन मिलिमीटर पोलादी पत्रा भेदणं ही तिची कसोटी होती. नुसती जखम करायची असती तर असली अट कुणी घातली नसती. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यात 5.56ची काडतुसं तयार होतात, आणि त्यांची जातकुळी हीच आहे.

मात्र या गैरसमजाखाली एक खरी तक्रार दबली आहे. 5.56ची नळीच्या तोंडाशी असलेली ऊर्जा 7.62×51च्या जवळपास निम्मी असते आणि गोळी हलकी असल्याने दूर जाताना ती लवकर घटते. डोंगरात एका धारेवरून दुसऱ्या धारेवर मारा करणाऱ्याला हा फरक जाणवतो.

‘ऑटो नाही, म्हणजे अपुरी रायफल’

इन्सास एकेक गोळी झाडते किंवा चाप एकदा दाबला की तीन. सलग फायर नाही. हे विसरून राहिलेलं काम नाही. व्हिएतनाममध्ये चाप दाबून धरणाऱ्या सैनिकांनी दारूगोळा उधळला, त्या अनुभवातून अमेरिकेनेही एम-16ए2वर तीनचीच मर्यादा घातली होती. इन्सास त्याच काळातली. पुढे अमेरिकी सैन्याने एम-4ए1मध्ये सलग फायर परत आणला. आपल्याकडेही काश्मीरमध्ये एका खोलीच्या अंतरावर लढणाऱ्या जवानाला एकेच हवीशी वाटली, आणि ते रास्त होतं. त्यात इन्सासचं मॅगझिन 20 गोळ्यांचं. तीन-तीनच्या हिशेबाने सहा बर्स्ट आणि वर दोन गोळ्या, की मॅगझिन संपलं. दूरवर नेम धरून लढायच्या हिशेबाने झालेला आराखडा दाराआडच्या लढाईत आखूड पडला.

‘कारगिलमध्ये आराखडाच उघडा पडला’

1999च्या उन्हाळ्यात 16 हजार फुटांच्या आसपासच्या शिखरांवर इन्सासच्या तक्रारी आल्या आणि त्या खऱ्या होत्या. थंडीत प्लॅस्टिकची मॅगझिन तडकली, रायफली अडकल्या, काहींच्या डोळ्यांत तेल उडालं. समोरून गोळ्या येत असताना हातातलं हत्यार अडकणं काय असतं, याची कल्पनाही इथे बसून करता येणार नाही. म्हणूनच दोष नेमका कुठे होता ते नीट पाहिलं पाहिजे.

मॅगझिनपासून सुरुवात करू. ते अर्धपारदर्शक आहे, म्हणजे आत किती गोळ्या उरल्या ते बाहेरून दिसतं. कल्पना उत्तम आहे. ऑस्ट्रियाच्या स्टेयर एयूजीवर असंच मॅगझिन 1970च्या दशकापासून आहे आणि नीट चालतं. आपल्याकडे तडकलं ते प्लॅस्टिक. दिवसा उन्हात तापणारं, रात्री गोठणबिंदूच्या खाली जाणारं, खडकावर आपटणारं मॅगझिन कोणत्या पॉलिमरचं हवं, हा पदार्थविज्ञानाचा आणि चाचणीचा प्रश्न होता. मॅगझिनचे ओठ जरा फाकले किंवा तडकले की काडतूस तिरकं चढतं आणि रायफल अडते. पाहणाऱ्याला वाटतं यंत्र अडलं, प्रत्यक्षात अडलेलं असतं प्लॅस्टिक.

ब्रिटनची एसए-80 या बाबतीत डोळे उघडणारी आहे. तिचं आतलं यंत्र अमेरिकी एआर-18वरून घेतलेलं, म्हणजे तीही संकरच. 1991च्या आखाती युद्धात वाळूने तिची दैना केली. पुढे हेक्लर अँड कॉखने बोल्ट, एक्स्ट्रॅक्टर, हॅमर, मॅगझिन असे भाग नव्याने घडवून दिले आणि तीच रायफल एल-85ए2 या नावाने भरवशाची झाली. मूळ यंत्र तेच राहिलं. बदलले ते भागांचे आकार, धातू आणि मापं.

नेपाळचा दाखला वारंवार दिला जातो. ऑगस्ट 2005मध्ये कालिकोट जिल्ह्यातल्या पिली इथे माओवाद्यांच्या हल्ल्यात चाळीसहून अधिक नेपाळी सैनिक मारले गेले, आणि नेपाळी सैन्याने दीर्घ लढाईत इन्सास बिघडल्याचं सांगितलं. भारताने वापरातल्या चुकीकडे बोट दाखवलं. मला ते उत्तर पुरेसं वाटत नाही. पायदळाची रायफल दमलेल्या, घाबरलेल्या, तासन्‌तास गोळीबार करणाऱ्या माणसाच्या हातात चालण्यासाठीच असते. चुकीचा वापर सहन करणं हा तिच्या आराखड्याचाच भाग आहे, आणि एकेचं यश मुख्यतः तिथेच आहे. तिच्या भागांत सैल जागा ठेवलेल्या असतात, काजळी आणि माती त्यांत सामावते. इन्सासने एकेचं यंत्र घेतलं, पण एसएलआरसारखी नेमबाजीही हवी होती. सहनशीलता सैल जागा मागते, अचूकता घट्ट बैठक मागते. या दोन मागण्यांचा मेळ जिथे कच्चा राहिला, तिथे ही रायफल दुबळी पडली.

‘बदलली, म्हणजे टाकाऊ होती’

इन्सासच्या जागी 2019मध्ये 72,400 सिग-716 रायफलींचा करार झाला. डिसेंबर 2021मध्ये अमेठीजवळ कोरव्याला सहा लाखांहून अधिक एके-203 बनवण्याचा करार झाला. पहिलीचं काडतूस 7.62×51, दुसरीचं 7.62×39. सैन्याला आता जास्त जोरकस गोळी हवी होती, म्हणजे मागणीच बदलली होती. 1980च्या दशकातल्या मागणीपत्रकाला धरून केलेली रायफल 2019च्या मागणीला उतरली नाही, यावरून तिचा मूळ आराखडा चूक ठरत नाही. आणि या दोन्हीही शुद्ध वंशाच्या नाहीत. सिग-716 एआर-10चा साचा आणि छोटा दट्ट्या जोडून झाली आहे. एके-203च्या झाकणावर दुर्बिणीसाठी रेल आहे, दस्ता दुमडतो आणि लांबीला कमीजास्त होतो. दुर्बीण झाकणावर चढवली की झाकणाच्या बैठकीचा तोच जुना प्रश्न येतो, आणि कोरव्यात भाग देशी होत जातील तसा तो इथल्या यंत्रांवर सोडवावा लागेल.

पाषाणचं कामही थांबलेलं नाही. जानेवारी 2024मध्ये एआरडीईने हैदराबादच्या एका खासगी कंपनीसह घडवलेली ‘उग्रम’ पुढे आणली : 7.62×51चं काडतूस, वजन 4 किलोंहून कमी, पल्ला 500 मीटर. म्हणजे इन्सासपेक्षा दुप्पट जोराची गोळी आणि तरीही कमी वजन. वजनाची जुनी चूक तिथे सुधारलेली दिसते. तिचं मॅगझिन लडाखच्या हिवाळ्यात कसं वागतं, आणि झाकण शंभरदा काढून बसवल्यावर नेम कुठे जातो, हे मला त्या आकड्यांआधी पाहायचं आहे.