वाघळाचं गणगोत

वाशीम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यातल्या केनवडला किंवा वऱ्हाडातल्या अशाच कुठल्याही गावात दिवेलागणीला बाहेर थांबलं, की दोन तऱ्हेची वाघळं नजरेस पडू शकतात. एक म्हणजे दिव्याच्या खांबाभोवती झपाझप गिरक्या घेणारी इवलीशी पाकोळी. दुसरं, जरा अंधारल्यावर संथ पंख हलवत उंबराकडे निघालेलं मोठं वाघूळ. पाकोळी किडे खाते, मोठं वाघूळ फळं. पाकोळीचं वजन काही ग्रॅम, तर मोठं वाघूळ किलोभराचं असू शकतं आणि त्याच्या पसरलेल्या पंखांची लांबी चार फुटांपर्यंत जाते. दोघांनाही आपण ‘उडणारा उंदीर’ म्हणून मोकळे होतो. ही समजूत चुकीची आहे आणि तिची किंमत या प्राण्यानं आपल्या देशात पन्नास वर्षं मोजली आहे.

वाघूळ पक्षी नाही हे शाळेतच कळतं. अंगावर केस, तोंडात दात आणि पिल्लाला आईचं दूध, म्हणजे तो सस्तन प्राणी. पण सस्तनांमध्ये नेमका कुठला? त्याचा पंख उजेडात धरून पाहिला तर पातळ कातडीतून हाडं स्पष्ट दिसतात. खांद्यापासून कोपर, कोपरापासून मनगट आणि पुढे छत्रीच्या काड्यांसारखी लांबलचक चार बोटं. अंगठा मात्र कातडीबाहेर मोकळा, आखूड आणि नखाचा. झाडावर सरकताना वाघूळ याच अंगठ्यानं पकड घेतं. फळं खाणाऱ्या बहुतेक जातींना दुसऱ्या बोटावरही नख असतं. थोडक्यात, हा पंख म्हणजे पूर्ण हात आहे. म्हणूनच १७७९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ ब्लूमेनबाख यांनी या प्राण्यांचा वेगळा गण केला आणि त्याला कायरॉप्टेरा, म्हणजे हातालाच पंख असलेले, असं नाव दिलं.

त्याआधी १७५८ मध्ये लिनियसनं वाघळाला चक्क माणसाच्या पंगतीला, प्रायमेट गणात बसवलं होतं. मादीच्या छातीवर दोन स्तन हे त्याचं एक कारण. हा विचार वाटतो तितका वेडगळ नव्हता. १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॅक पेटिग्रू यांनी दाखवलं, की मोठ्या फळभक्षी वाघळांच्या डोळ्यांपासून मेंदूपर्यंतच्या मज्जातंतूंची मांडणी माकडांसारखी आहे. त्यांचं म्हणणं खरं असतं तर मोठी वाघळं आपली चुलत भावंडं ठरली असती आणि पाकोळ्यांमध्ये उडण्याची कला स्वतंत्रपणे, दुसऱ्यांदा उपजली असं मानावं लागलं असतं.

वाद मिटवला डीएनएनं. सगळी वाघळं एकाच पूर्वजाची, उडणं एकदाच उपजलं आणि माणसाशी त्यांचं जवळचं नातं नाही, हे जनुकांच्या तुलनेतून पक्कं झालं. त्यांचं गणगोत निघालं गाय, घोडा, कुत्रा, देवमासा आणि खवल्या मांजराच्या मोठ्या शाखेत. उंदीर आणि खार दुसऱ्या शाखेत आहेत, आणि त्याच शाखेत माकडं आणि आपणही आहोत. उंदीर वाघळापेक्षा माणसाला जवळचा आहे! ‘उडणारा उंदीर’ म्हणताना आपण आपल्याच नातलगाला वाघळाच्या गळ्यात बांधत असतो.

घराण्याच्या आतल्या वाटण्याही बदलल्या. शंभराहून अधिक वर्षं सोपी विभागणी चालत आली होती. मोठी, फळं खाणारी वाघळं एका बाजूला. छोटी, प्रतिध्वनीवर किडे टिपणारी दुसऱ्या बाजूला. २००५ मध्ये एमा टीलिंग आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या वंशवृक्षानं ही भिंत पाडली. जुन्या किल्ल्याच्या किंवा पडक्या देवळाच्या अंधाऱ्या कोठीत उंदरासारखं लांब, मोकळं शेपूट असलेली छोटी वाघळं राहतात. अशाच ठिकाणी भिंतीला चिकटून बसणारी थडगेवाली वाघळंही सापडतात. दोन्ही छोटी, दोन्ही किडे खाणारी, दोन्ही प्रतिध्वनीवर चालणारी. तरीही त्या शेपटीवाल्याचं जवळचं नातं थडगेवाल्याशी नाही, वडावर लटकणाऱ्या किलोभराच्या फळखाऊ वाघळाशी आहे. आकार आणि आहार पाहून नातं ठरवायची सवय इथे पार फसते. मला या संशोधनातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

हे घराणं फार जुनं आहे. गुजरातच्या सुरत जिल्ह्यातल्या वस्तान लिग्नाइट खाणीत पाच कोटी वर्षांहून जुने वाघळांचे दात आणि जबडे सापडले. २००७ मध्ये त्यांतून सात जाती नोंदवल्या गेल्या. आज जगात १४०० हून अधिक जाती ज्ञात आहेत. सस्तनांच्या दर पाच जातींमागे जवळजवळ एक जात वाघळाची आहे.

जात ओळखणं किती नाजूक काम आहे, हे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात दिसलं. १९४८ मध्ये अँगस हटन यांनी दक्षिणेत, मदुराईकडच्या हाय वेव्ही डोंगरात एक फळखाऊ वाघूळ पकडलं. आखूड नाकाचं नेहमीचं वाघूळ समजून ते संग्रहात ठेवलं गेलं. दोन दशकांनी थायलंडचे किट्टी थोंगलोंग्या यांनी ते पुन्हा तपासलं. त्याला शेपूट नव्हतं, आणि वर-खाली पुढच्या दातांची एकेकच जोडी होती. १९७२ मध्ये त्यांनी ती नवी प्रजाती (जातींच्या वरचा गट, जीनस) म्हणून जाहीर केली आणि जातीला सालिम अली यांचं नाव दिलं. पुढे अवघ्या दोन ग्रॅमच्या, जगातल्या सर्वांत चिमुकल्या वाघळाला खुद्द किट्टींचं नाव मिळालं.

असाच मान सीमाभागाचाही आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत मिळालेलं एक मोकळ्या शेपटीचं वाघूळ १९१३ मध्ये विज्ञानाला नव्यानं कळलं. रॉटन यांच्या नावानं ओळखली जाणारी ही जात कित्येक दशकं जगात फक्त त्या एका गुहेतूनच माहीत होती.

आता कायद्याकडे येऊ. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळखाऊ वाघळं पाचव्या अनुसूचीत, कावळे, उंदीर आणि घुशींच्या शेजारी, ‘उपद्रवी’ म्हणून टाकली गेली. कुणीही मारावीत, विचारणारं कुणी नाही. नंतर सालिम अलींचं आणि रॉटन यांचं वाघूळ तेवढं पहिल्या, सर्वोच्च संरक्षणाच्या अनुसूचीत गेलं. किडे खाणाऱ्या बाकीच्या जाती कुठल्याच यादीत नव्हत्या. २०२२ च्या दुरुस्तीनं उपद्रवींची ही अनुसूचीच काढून टाकली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती दुरुस्ती लागू झाली. उशीर झाला, पण चूक सुधारली.

उंदराच्या पंगतीला बसवण्यातला खरा अन्याय पिलांच्या हिशेबात आहे. उंदीर वर्षातून अनेक वेळा, दर वेळी अर्धा डझन पिलं घालतो. मोठ्या वाघळाच्या मादीला साधारणपणे वर्षाला एकच पिल्लू होतं. वडावरची शंभर वाघळं एका रात्रीत मारली, तर ती तूट भरून निघायला कित्येक वर्षं लागतात. आणि गमावतो काय? मोहाच्या फुलांवर रात्री येऊन परागीभवन करणारे, उंबर-वडाच्या बिया दूरवर टाकणारे मोठे भिडू. पाकोळ्या सोयाबीन-तुरीच्या शिवारावर रात्रभर पतंग आणि किडे टिपतात. ज्यांच्या अळ्या पिकावर पडतात असे पतंगही त्यांत असतात.

फळबागेत वाघळं नुकसान करतात हे खरं आहे. तिथे झाडावर जाळी टाकणं हाच उपाय धरावा. रोगाची भीतीही अगदीच निराधार नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेत मार्च २०२० मध्ये पकडलेल्या वाघळांत निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं आढळली होती. त्यासाठी पथ्यं सोपी आहेत. उष्टी, कुरतडलेली फळं खाऊ नयेत आणि खाली पडलेलं वाघूळ उघड्या हातानं उचलू नये. धूर करून किंवा फटाके फोडून वसाहत उधळली, तर घाबरलेली वाघळं गावभर पांगतात आणि माणसांशी त्यांचा संपर्क उलट वाढतो.

केनवडसारख्या गावांतल्या ग्रामपंचायतींना एवढंच सांगणं आहे, की ज्या वडा-पिंपळावर वाघळांची वसाहत आहे त्याची नोंद ठेवा आणि रस्त्याच्या रुंदीकरणात ते झाड वाचेल असं पाहा. फांद्या छाटणं टळतच नसेल, तर निदान फेब्रुवारी ते मे हे महिने सोडा. त्या दिवसांत पिल्लं आईच्या पोटाला बिलगून असतात.