ताट तुमचं, निवड तुमची!

मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा महामार्ग दहिसर ओलांडतो आणि थोड्याच वेळात काशीमीरा नाका लागतो. एका अंगाला नॅशनल पार्कचा हिरवा डोंगर, दुसऱ्या अंगाला भाईंदरची मिठागरं, आणि त्यापलीकडे उत्तनचा समुद्र. या एवढ्याशा टापूत दुपारी घराघरांत काय काय शिजत असतं ठाऊक आहे? कोळ्यांच्या घरी बोंबील, आगऱ्यांच्या घरी कोलंबीचं कालवण, जैन घरांत कांदा-लसणाशिवायची भाजी, तर कुठे नुसतं वरण-भात!

आता समजा, काशीमीऱ्यातल्या अशाच एका मासेखाऊ घरातली नववीतली मुलगी रविवारी ताटावर बसली आणि म्हणाली, "आई, आजपासून मला मटण-मच्छी नको. मी भाजी-पोळी खाणार." काय होईल?

दादा खो खो हसेल. "चार दिवस थांब. कोलंबीचा वास आला की विसरशील सगळं!"

आईचा चेहरा उतरेल. तिने सकाळपासून राबून केलेलं असतं ना!

आणि आजी विचारेल, "अगं पण पोरी, मग अंगात ताकद यायची कुठून?"

मित्रांनो, दादाचं सोडा. पण आजीचा प्रश्न अगदी खरा आहे. त्याचं उत्तर तयार नसेल, तर शाकाहाराचा निश्चय फार दिवस टिकायचा नाही. टिकला तरी तब्येतीला मानवायचा नाही.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर

ताकद म्हणताना आजीच्या मनात असतात ती प्रथिनं. वाढत्या वयात ती लागतातच. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींना रोज साधारण 45 ग्रॅम प्रथिनं हवीत. चला, हिशेब करू. चार पोळ्यांतून 12 ते 14 ग्रॅम, दिवसभराच्या वरण-आमटीतून 11, वाटीभर मटकीच्या उसळीतून 7, भातातून 5-6, दूध-दह्यातून 9-10 आणि मूठभर शेंगदाण्यांतून 5. झाले की 45 च्या वर!

यात एक गंमत आहे, बरं का! गहू-तांदळाच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो डाळींमध्ये भरपूर असतो. डाळींत जे कमी, ते धान्यांत मिळतं. म्हणजे वरण-भात, पिठलं-भाकरी, खिचडी या जोड्या आपल्या आज्या-पणज्यांनी उगीच नाही जुळवल्या!

नुसतं सोडून भागत नाही

खरा घोटाळा पुढेच होतो. काही जण मटण सोडतात आणि वडापाव, चिप्स, बिस्किटं धरतात. हाही म्हटलं तर शाकाहारच! पण याने वजन वाढेल, ताकद नाही.

विशेषतः मुलींनी लक्ष द्या. 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वर्षांच्या दर दहा मुलींपैकी जवळपास सहा जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. जिना चढताना दम लागणं, वर्गात डुलक्या येणं, ही त्याचीच लक्षणं असू शकतात. डाळी, हिरव्या पालेभाज्या, तीळ, अळीव यांत लोह असतं, पण मांसातल्या लोहाइतकं ते सहज अंगी लागत नाही. उपाय सोपा आहे. उसळीवर लिंबू पिळा, जेवणासोबत आवळा किंवा पेरू खा. त्यातलं 'क' जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. जेवणाबरोबर चहा मात्र नको, तो लोहाच्या आड येतो.

दुसरं, जीवनसत्त्व बी-12. ते धान्य-भाज्यांतून मिळत नाही. शाकाहाऱ्यांनी दूध, दही, ताक रोज घ्यावं. दूधही घेत नसाल, तर डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्याव्याच लागतील. इथे हट्ट कामाचा नाही.

मग फायदा काय?

नीट आखलेल्या शाकाहारात चोथा भरपूर आणि प्राणिज चरबी कमी. पोट साफ राहतं, पुढच्या आयुष्यात हृदयविकार आणि मधुमेहाचा धोका कमी होतो. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सॉसेज, सलामी, हॅम यांसारखं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारण ठरतं, असं जाहीर केलं.

जमीन आणि पाण्याचाही विचार करा. ब्रॉयलर कोंबडीचं एक किलो वजन वाढायला साधारण दीड ते दोन किलो मका-सोयाबीनचं खाद्य लागतं. तेच शेत थेट माणसाला पोसू लागलं, तर जास्त पोटं भरतील. आणि काही जणांना मुळात मुका जीव मारलेला बघवत नाही. हे कारणही काही लहान नाही.

निवड कुणाची?

आपल्याकडे ही निवड नवी नाही. ठाणे जिल्ह्यातल्या आगरी-कोळी घरांतसुद्धा एखादे आजोबा तुळशीची माळ घालून माळकरी होतात आणि त्या दिवसापासून मासळी सोडतात. घरातले बाकीचे खातात, आजोबांचं वेगळं शिजतं, आणि घर गुण्यागोविंदाने चालतं.

मोहनदास गांधी 1888 मध्ये लंडनला शिकायला गेले, तेव्हा आईला दिलेल्या वचनापोटी ते मांस खात नव्हते. तिथे हेन्री सॉल्ट यांचं शाकाहारावरचं पुस्तक वाचल्यावर ते स्वतःच्या विचाराने शाकाहारी झाले. वचन पाळणं मोठंच, पण पटून निवडणं त्याच्याही पुढचं!

मात्र पटलेलं दुसऱ्याच्या ताटात ढकलायचं नाही. 2015 च्या सप्टेंबरात पर्युषणाच्या काळातल्या मांसविक्री बंदीवरून याच मीरा-भाईंदरमध्ये मोठा वाद पेटला होता. उत्तनच्या कोळ्यांचं तर पोटच मासळीवर! त्यांच्या डब्याकडे बघून नाक मुरडणारा शाकाहारी आणि शाकाहाऱ्याला 'घासफूस' म्हणणारा, दोघेही सारखेच.

सुरुवात कधी करायची?

पावसाळ्यासारखा मुहूर्त नाही! 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. पाठोपाठ श्रावण येतो. याच दिवसांत ठाणे-पालघरच्या बाजारांत आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात. टाकळा, कुरडू, कंटोळी, भारंगी, शेवळं! शेवळं घशाला खाजतात, म्हणून ती काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवायची. कोलंबी घालून ती लागतात तशीच वाल घालूनही फक्कड लागतात. विचारा आजीला!

तेव्हा ताटावर बसून एकदम घोषणा करू नका. आधी आईशी बोला, कारण सांगा. आठवड्याला दोन दिवस करून पाहा. मटकी तुम्ही भिजत घाला, मोडही तुम्हीच आणा, उसळीला फोडणी द्यायला शिका. आईचं काम वाढलं नाही, की तिचा विरोधही मावळेल.

आणि दादा? त्याच्यापुढे ती गरमागरम उसळ एकदा ठेवून बघा. वाटी पुन्हा पुढे करतो की नाही, ते आम्हाला जरूर कळवा!