दिवसा पाणी देणारा सौर पंप

रब्बीत रात्रीच्या लाइटवर दारे धरायला जायचे म्हणजे साप-विंचवाची भीती आणि जागरण. हे दिवसा उरकण्याची सोय सौर कृषिपंपाने झाली आहे.

पॅनेलमधील सिलिकॉनवर ऊन पडले की डीसी वीज तयार होते. उन्हाच्या चढउतारानुसार कंट्रोलर मोटारीचा वेग कमी-जास्त करतो. म्हणून सकाळी धार बारीक, दुपारी जोमदार आणि ढग आला की पुन्हा मंद. ३ अश्वशक्तीच्या पंपाला साधारण ३ किलोवॉटचे पॅनेल लागतात. महागड्या बॅटऱ्यांची गरज नाही. दिवसा शेततळे किंवा टाकी भरून घेतली की झाली साठवण.

पॅनेलला ऊन हवे, पण उष्णता सोसत नाही. ते २५ अंशांपेक्षा जास्त तापले की दर अंशामागे वीजनिर्मिती सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. त्यामुळे पॅनेलखाली हवा खेळती हवी. एखाद्या फांदीची सावलीही बरीच वीज खाते. धूळ सकाळीच, काच गार असताना, साधे पाणी आणि मऊ फडक्याने पुसावी. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये.

राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांचा ५ टक्के आहे.

ऊन फुकट असले तरी विहिरीचे पाणी मोजकेच आहे. त्यामुळे सौर पंप बसवाल, तेव्हा ठिबकही जरूर जोडा.