सांध्यांतील पेशींचे निरोप



आपल्या जोयडा तालुक्यात चढ-उतार कोणालाच चुकलेले नाहीत. वाकून भाताची लावणी करायची, डोक्यावरून जळण आणायचे. पुढे वय झाले की गुडघे बोलू लागतात आणि घरातून सल्ला मिळतो, ‘हाडे झिजली, आता बसून राहा.’ हा सल्ला का चुकतो, ते आज पाहू.

आधी नावाचा घोळ दूर करू. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे सांध्यांच्या बहुतेक दुखण्यांना ‘गठिया’ म्हणत; मराठीत तसेच सरसकट ‘संधिवात’ म्हणतात. पण आमवातात शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्यांवर उलटते आणि तो तरुणपणीही होतो. वाढत्या वयाबरोबर दिसणारा ऑस्टिओआर्थ्रायटिस वेगळा. हा शहरी लोकांचाच आजार आहे असेही नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली. त्यात शंभरातील सुमारे सहा जणांना हा विकार आढळला.

हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, पण जिवंत पेशी असतात. या पेशी जुना माल मोडतात व नवा घडवतात. कधी काय करायचे, हे त्यांना रासायनिक निरोपांवरून कळते. निरोप पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकाला चिकटतो, तिथून आत पोचतो आणि केंद्रकातील जनुके जागी होतात. यालाच पेशी-संकेतन म्हणतात.

इंटरल्युकिन-१ आणि टीएनएफ हे दाहाचे निरोप वाढले की पेशी कूर्चा कापणारी विकरे तयार करू लागतात. तुकडे पडले की सांध्याचे अस्तर चिडते आणि आणखी निरोप सोडते. असे हे चक्र चालू राहते. अति भार, जुनी दुखापत आणि शरीरातील जादा चरबी या चक्राला बळ देतात. उलट बेताची हालचाल दाहाचे निरोप शांत करते; शिवाय हालचालीनेच कूर्चेला सांध्यातील द्रवातून पोषण मिळते. म्हणजे गुडघा हा केवळ झिजणारा टायर नव्हे.

मग निरोपच अडवणारे औषध का नाही? प्रयत्न झाले. आमवातात टीएनएफ रोखणारी औषधे उपयोगी पडली, पण ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये त्यांनी निराशा केली. स्प्रिफर्मिन या औषधाच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कूर्चा किंचित जाड झाली, पण वेदनेत ठळक फरक पडला नाही. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या प्रोस्टाग्लँडिन हा वेदनेचा निरोप कमी करतात. कूर्चा दुरुस्त करत नाहीत. त्या मनाने रोज घेतल्यास जठर व मूत्रपिंड यांना इजा होऊ शकते. बाजारात मिळणाऱ्या निनावी पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचे अनेकदा आढळले आहे. त्यांच्यापासून दूरच राहावे.

आज खात्रीचे उपाय साधेच आहेत. मांडीचे स्नायू बळकट करावेत. खुर्चीत बसून एक पाय सरळ करावा, पाच आकडे मोजावेत, खाली ठेवावा, मग दुसरा. रोज सपाटीवर झेपेल तेवढे चालावे. वजन जास्त असेल तर कमी करावे. एक किलो घटले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. ओझे दोन फेऱ्यांत आणावे. सांधा लाल, गरम झाला किंवा ताप आला तर तत्काळ डॉक्टरांकडे जावे. सांधा फारच खराब झाला असेल तर बदलण्याची शस्त्रक्रियाही उपलब्ध आहे.

विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच : आजच घरी आजी-आजोबांना हा व्यायाम दाखवा आणि त्यांच्याबरोबर रोज थोडे चाला.