मोटारीच्या वूफरसाठी फायबरचा डबा : काम कसे करावे, हिशेब कसा लावावा

मागच्या हिवाळ्यात कारंज्यातील माझ्या कापड दुकानात गॅरेजवर काम करणारा एक मुलगा आला. म्हणाला, "चाचा, दोन मीटर कापड द्या. चारी बाजूंनी ताणले गेले पाहिजे आणि वरून तेलासारखे काही लावले तर ते पिऊन घेतले पाहिजे." तीस वर्षांच्या धंद्यात असे गिऱ्हाईक मी पाहिले नव्हते. मी होजिअरी, लायक्रा आणि थंडीच्या जॅकेटचे फ्लीस असे तीन नमुने पुढे ठेवले. त्याने तिन्हींवर पाण्याचा एकेक थेंब टाकला. लायक्रावर थेंब मोत्यासारखा उभा राहिला, फ्लीसमध्ये हळूहळू मुरला. त्याने फ्लीस घेतले. संध्याकाळी दुकान बंद करून मी त्याच्या गॅरेजवर गेलो, कारण माझ्या कापडाचे तो काय करणार हे कळल्याशिवाय मला झोप आली नसती.

तो एका मोटारीच्या डिकीत सब-वूफरसाठी फायबरचा डबा तयार करीत होता. आपल्या वाशीम जिल्ह्यात गाड्या वाढल्या आहेत. समृद्धी महामार्ग आपल्या कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून जातो आणि २०२२ च्या डिसेंबरपासून नागपूरकडे गाडी सुसाट निघते. एम. एच. ३७ च्या गाडीत चांगला आवाज हवा म्हणून मालक अकोला-अमरावतीपर्यंत जातो. हे काम आपल्या सुताराला, डेंटिंग-पेंटिंगवाल्याला, सीट-कव्हर शिवणाऱ्याला जमण्यासारखे आहे. मात्र यात दोन जागा अशा आहेत की एका ठिकाणी पैसा बुडतो आणि दुसऱ्या ठिकाणी जीव जातो. त्या दोन्ही नीट समजून घ्याव्यात यासाठी हा लेख.

प्रथम, डबा कशासाठी? वूफरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. वूफर उघडाच ठेवला तर पुढचा दाब कडेने वळून मागच्या पोकळीत शिरतो आणि बेस जिथल्या तिथे मरतो. मागची हवा कोंडली म्हणजे हे थांबते. शिवाय कोंडलेली हवा स्प्रिंगचे काम करते, पडद्याला सांभाळते. अमेरिकेत एडगर विलचर यांनी १९५४ मध्ये याच तत्त्वावर लहान बंद डब्याचा स्पीकर बाजारात आणला. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० नंतरच्या वर्षांत हिशेब बसवून दिला की अमुक वूफरला अमुक इतकी हवा लागते. वूफरच्या खोक्यातील पत्रकावर जे आकडे असतात ते या दोघांच्याच नावाने ओळखले जातात. बारा इंची वूफरला बंद डब्यात साधारण एक घनफूट, म्हणजे २८ लिटरच्या आसपास हवा मागतात. पण पत्रक पाहिल्याशिवाय काम सुरू करू नये. हवा कमी पडली तर स्प्रिंग कडक होते. मग खोल बेस जातो आणि एकाच सुराची ढुमढुम राहते. हवा फार झाली तर पडदा सैल पडतो आणि जोरात वाजवताना वूफर फाटण्याची भीती असते.

आवाजाचा डबा बनवणे हे आपल्या महाराष्ट्रातील कारागिराला नवे नाही. मिरजेतील सतारमेकर घराणी मूळची शिकलगार, हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात ती वाद्यांकडे वळली आणि त्यांच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण फरक ध्यानात घ्यावा. तंबोऱ्याचा भोपळा पातळ असतो, कारण तारेबरोबर त्याने बोलले पाहिजे. वूफरच्या डब्याने गप्प बसले पाहिजे. त्याची भिंत थरथरली तर ती स्वतःचा आवाज वूफरच्या आवाजात मिसळते. तेव्हा डबा जाड, कडक आणि कोठेही हवा न सोडणारा हवा.

मग साधा प्लायवूड किंवा एमडीएफचा चौकोनी डबा का नको? माझे मत विचाराल तर दहापैकी आठ गिऱ्हाइकांना तोच द्यावा. एका दिवसात होतो, स्वस्त पडतो, आणि लांबी-रुंदी-उंची गुणली की आतली हवा कळते. फायबर त्यालाच द्यावे ज्याला डिकी रिकामी हवी आहे. चाकाच्या वरचा वाकडातिकडा कोपरा चौकोनी डब्याच्या काही कामाचा नसतो, फायबर मात्र तेथे सांडलेल्या पाण्यासारखे बसते.

आता काम. डिकीच्या कोपऱ्यावर मास्किंग टेपचे दोन थर एकमेकांवर चढवून लावावेत. बाकी गाडी प्लास्टिकने झाकावी, कारण रेझिनचा डाग सीटवरून निघत नाही. टेपवर काचधाग्याच्या मॅटचे तुकडे ठेवून ब्रशने रेझिन जिरवावे. मॅट आपल्या कापडासारखीच चौरस मीटरच्या वजनावर विकली जाते. ३०० ग्रॅमची आणि ४५० ग्रॅमची नेहमी मिळते. ४५० च्या एका थराने सुमारे एक मिलिमीटर जाडी येते. गाडीत दोन-तीन थर द्यावेत, कडक झाल्यावर कवच उपटून बाहेर काढावे आणि उरलेले थर बाहेर द्यावेत. एकंदर पाच-सहा मिलिमीटर जाडी हवी. मॅटच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन लागते. मॅट पांढरी दिसली तर ती उपाशी आहे. रेझिन थारोळ्यासारखे साचले तर तेथे काच नाही, नुसता ठिसूळ पदार्थ आहे. दोन्ही ठिकाणी तडा जातो.

येथे ती जिवाची जागा येते. आपल्याकडे रेझिनबरोबर दोन बाटल्या मिळतात. एकात जांभळट कोबाल्ट, दुसऱ्यात पाण्यासारखे दिसणारे हार्डनर. ही दोन कधीही, एक थेंबसुद्धा, थेट एकत्र करू नयेत. भडका उडतो, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट पत्रकावर सांगितलेल्या प्रमाणात रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळावे. काम करायच्या वेळी, लागेल तेवढेच रेझिन मगात घेऊन, त्यात हार्डनर घालावे. दोन्हींसाठी एकच माप वापरू नये. त्या मुलाने हा माल सुटा आणला होता आणि दोन्ही पदार्थ कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत, चिठ्ठीविना होते. हार्डनरची बाटली पाण्याच्या मडक्याशेजारी होती. मी तेथेच मोठ्या अक्षरांत कागद लिहून चिकटवला, मराठीत आणि उर्दूत. हार्डनर डोळ्यात गेले तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावावाच, आणि उडालेच तर पंधरा मिनिटे पाण्याने धुऊन थेट दवाखाना गाठावा. रेझिनची वाफ पेट घेते, म्हणून जवळ बिडी नको, वेल्डिंग नको. तोंडाला बांधलेला रुमाल या वाफेला अडवत नाही. रंगकामाचा कोळशाच्या डब्यांचा मास्क घ्यावा आणि दार-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. घासताना काचेची धूळ उडते, म्हणून पाणी लावून घासावे. अंग खाजले तर थंड पाण्याने धुवावे.

हार्डनरचे प्रमाण एक ते दोन टक्के, म्हणजे किलोला साधारण दहा ते वीस मिलिलिटर. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो तेव्हा एक टक्काच पुरे, नाहीतर ब्रश मगातच अडकतो. एकाच्या खाली मात्र जाऊ नये, माल कायमचा कच्चा राहतो. मगात उरलेले रेझिन आपोआप तापून धुमसते, ते पसरट पत्र्यावर ओतून टाकावे. वरचा थर हाताला किंचित चिकट लागला तर घाबरू नये. हवेशी संबंध आल्याने तसे होते, पुढचा थर त्यावर चांगला धरतो.

खालचे कवच तयार झाले की वरचा भाग. अठरा मिलिमीटर एमडीएफची, वूफरच्या मापाची गोल रिंग कापून ती लाकडी पट्ट्यांवर हव्या त्या कोनात उभी करावी. मग रिंगवरून कवचाच्या कडेपर्यंत कापड ताणून स्टेपल करावे. ओलेते फ्लीस कडक झाले की तेच साच्याचे काम करते. पाणी न धरणारे, फिनिश केलेले कापड येथे चालत नाही, रेझिन आत शिरतच नाही. त्या मुलाची थेंबाची परीक्षा यासाठी होती. विणलेले सुती शर्टिंगही नको. ते ताणत नाही आणि कोपऱ्यात सुरकुत्या पडतात. होजिअरी चालते, पण ती पातळ असल्याने रेझिनच्या वजनाने झोळ पडतो. होजिअरीचा ताण रुंदीत जास्त व लांबीत कमी असतो, हे दुकानदाराला ठाऊक असते, गॅरेजवाल्याला नसते.

आणि पैसा बुडण्याची जागाही हीच. तंबूचे कापड आठवा. दोन खांबांमधले कापड कितीही ताणले तरी बाहेर फुगत नाही, आतच झुकते. रिंग आणि कडेच्या मधले कापड तसेच आत जाते. डोळ्याला डबा मोठा दिसतो, आतली जागा कमी भरते. मुलाने अंदाजाने तीस लिटर धरले होते. पाच दिवसांची मेहनत झाली, पुट्टी लावून घासून झाली, वूफर बसवला, आणि आवाज आला तो रिकाम्या पिंपावर थाप मारल्यासारखा. गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत. त्याचे चुकले असे मला म्हणवत नाही.

वाकड्या डब्याचे आकारमान, ज्याला आमच्या उर्दू शाळेत मास्तर 'हजम' म्हणत, फूटपट्टीने मोजता येत नाही. पण ते मोजण्याचे साधन आपल्या जिल्ह्यात घरोघर पोत्यात भरलेले आहे. वूफरच्या भोकातून डब्यात सोयाबीन ओतायचे, डबा हलवून बसवायचे आणि एक लिटरच्या मापाने पुन्हा मोजत बाहेर काढायचे. मुलाच्या डब्यात एकवीस लिटर भरले. नऊ लिटर कमी! (ते सोयाबीन रेझिनच्या वासाचे झाले. मी ते बाजारात नेऊ दिले नाही, पेरणीलाही नको म्हटले.) डबा कच्चा असताना, म्हणजे कापडावर पहिलाच थर झाला असताना मोजायचे असेल तर सोयाबीनच्या वजनाने तो फुगेल. तेव्हा मुरमुरे घ्यावेत. मोजलेल्या आकड्यातून वूफरच्या चुंबकाने व्यापलेली जागा वजा करावी. ती पत्रकात दिलेली असते, बहुधा दोन-तीन लिटर.

दुसऱ्या वेळी त्याने रिंग बाहेर सरकवली, मधे दोन वाकवलेल्या पट्ट्या टाकून कापडाला बाहेरून उभार दिला, आणि पुट्टीला हात लावण्यापूर्वी मोजले. साडेतीस लिटर भरले. चुंबकाचे अडीच गेले, अठ्ठावीस राहिले. एखाद-दोन लिटर कमी पडत असेल तर डबा फोडायची गरज नाही. उशीत भरतो तो रेक्रॉन कापूस पिंजून सैलसर आत भरावा. दाबलेली हवा तापते, कापूस ती उष्णता शोषतो, म्हणून डबा वूफरला किंचित मोठा भासतो. पण नऊ लिटरची तूट कापसाने भरत नाही.

सांधे आतून रेझिनने बुजवावेत. वूफर बसवल्यावर पडदा हलक्या हाताने आत दाबून सोडावा. तो सावकाश परत आला तर डबा बंद आहे, झटकन आला तर कोठेतरी फट आहे. वरून रंग, रेक्झिन किंवा कार्पेट काहीही चालते. रेक्झिन किंवा कार्पेटने घासण्याची मेहनत निम्मी वाचते. वास पूर्ण जाईपर्यंत दोन-तीन दिवस डबा उन्हात उघडा ठेवावा, मगच वूफर लावावा. ती वाफ वूफरच्या डिंकाला आणि रबराला बाधते.

गाडीत बसवताना खाली पेट्रोलची टाकी कोठे आहे हे पाहिल्याशिवाय एकही स्क्रू मारू नये. सीएनजीचे सिलिंडर असलेल्या डिकीत हे काम घेऊच नये. खऱ्या तीनशे वॉटच्या अँप्लिफायरला बारा व्होल्टवर तीस ते चाळीस अँपिअर लागतात, त्या मापाची तार घ्यावी. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, अँप्लिफायरजवळ नव्हे, कारण मधल्या तारेची साल निघाली तर पत्र्याला लागून आग तेथेच लागते. आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगावे की २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा आवाजावर बंधन आहे, आणि दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या शंभर मीटरच्या आत दिवसाही.

भावाचे म्हणाल तर सुतारासारखे डब्याच्या मापावर भाव सांगू नका. मॅट किती किलो, रेझिन किती किलो, हार्डनर, पुट्टी, कापड, आणि दिवस किती, असे लिहा. वाळण्याच्या दिवसांत दुसरे काम करता येते, त्या दिवसांची मजुरी लावू नये. त्या मुलाने दुसऱ्या डब्याचे बिल मी सांगितल्याप्रमाणे वजनाने लिहून दिले आणि पहिल्या डब्याचा माल त्यात धरला नाही. गिऱ्हाइकाने घासाघीस केली ती मजुरीवर. मालावर त्याला बोलता आले नाही.