धान कांडणं हे ‘काम’ आहे का?

मागच्या वेळी प्रश्नावली कशी बांधायची ते पाहिलं. आज त्याच प्रश्नावलीत माझं काय चुकलं ते सांगतो.

नागपूरहून पूर्वेला निघालं की भंडारा-गोंदिया-गडचिरोलीचा धानाचा पट्टा लागतो, म्हणजे आपली झाडीपट्टी. तिथे पायलट मुलाखतीत मी एका काकूंना विचारलं, “तुम्ही काम करता का?” उत्तर आलं, “नाही जी, घरीच असतो.” हे सांगताना त्यांच्या हातात मुसळ होतं!

आधी ते काम नीट समजून घेऊ. धान उन्हात वाळवतात. ओलं राहिलं तर तूस नीट सुटत नाही, जास्त वाळलं तर दाण्याला तडे जाऊन कण्या वाढतात. मग उखळात कांडायचं, सुपाने पाखडायचं, राहिलेलं परत कांडायचं. धानाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तुसातच जातो. तूस निघाल्यावर तांदूळ सडतात, तेव्हा वरचा कोंडा निघतो. तो किती काढायचा हे हातच ठरवतो. आणि ही नुसती चवीची गोष्ट नाही. 1890च्या दशकात जावा बेटावर आइकमान यांना दिसलं, की पांढऱ्याशुभ्र तांदळावर वाढलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंडा दिला की सुधारतात. कोंड्यात ब-1 जीवनसत्त्व असतं, हे नंतर कळलं. 1929 साली त्यांना नोबेल मिळालं.

म्हणजे कौशल्य आहे, कष्ट आहेत, आरोग्याशी संबंध आहे. पण आकडेवारीत हे कुठे दिसतं? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या रोजगार पाहण्यांतली व्याख्या बघा. घरी खायला धान पिकवलं तर ती बाई ‘कामगार’. तेच धान घरी खायला कांडलं तर तो आर्थिक व्यवहार नाही, ती ‘घरकाम करणारी’. शेजारच्यांचं धान मजुरीने कांडलं तर पुन्हा कामगार! उखळ तेच, मुसळ तेच, घामही तोच.

गंमत म्हणजे याच पाहण्यांत, उदाहरणार्थ 2011-12च्या फेरीत, घरकाम करणाऱ्या बायांना पुढचे प्रश्न विचारले होते: घरच्यासाठी धान कांडता का, धान्य दळता का? म्हणजे माहिती गोळा झाली होती, फक्त ‘कामगार’ या आकड्यात ती धरली गेली नाही. म्हणून एखाद्या जिल्ह्यात बायांचा श्रमसहभाग कमी दिसला, तर “बाया काम करत नाहीत” असं लिहायच्या आधी व्याख्येचं पान उघडा.

मी माझा प्रश्न बदलला. आता विचारतो, “काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं?” 2019च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणातही आदल्या दिवसाचे चोवीस तास असेच विचारले होते. त्याच काकूंनी या प्रश्नावर अर्धा तास सांगितलं. कांडणं, पाखडणं, सरपण, पाणी... माझ्या फॉर्मवर जागा पुरली नाही.

तुमच्या प्रश्नावलीत ‘काम’ हा शब्द किती वेळा आला आहे, तेवढं आज मोजून बघा.