नोट्स युनिकोडमध्ये टाइप करा, मोबाइल वाचून दाखवेल

जिंतूर, पालम, सोनपेठकडच्या शिक्षकमित्रांनो, वर्गात दृष्टिहीन विद्यार्थी असेल तर हे नक्की वाचा.

अँड्रॉइड मोबाइलच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये टॉकबॅक मिळतं. मराठी आवाज निवडला की स्क्रीनवरचा मजकूर ते बोलून दाखवतं. विंडोज कॉम्प्युटरसाठी एनव्हीडीए हा असाच स्क्रीन रीडर आहे, तोही मोफत. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या अंध मित्रांचं हे काम; सुरुवात २००६ ची.

माझ्या मते खरी अडचण फॉन्टची आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांमागे इंग्रजी कीबोर्डचे कोड असतात. आपल्याला ‘परभणी’ दिसतं, स्क्रीन रीडर मात्र भलतीच इंग्रजी अक्षरं वाचतो. पानाचा फोटो पाठवला तर त्यातली अक्षरं आधी ओसीआर सॉफ्टवेअरने काढावी लागतात, आणि जोडाक्षरं चुकू शकतात. युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे कोड असलेल्या पद्धतीत, टाइप केलेली फाइल द्या, मूल ती कुणालाही न विनवता, हव्या तितक्या वेळा ऐकेल.

पुस्तकांसाठी २०१६ साली सुरू झालेलं ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय आहे, त्यावर विद्यार्थ्याची नोंदणी करून द्या. आणि ब्रेल सोडू नका! नुसतं ऐकून ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, गणितही बोटांखाली असलेलं बरं.